हिरवा दिवा कुणी लावला?

१

गॉर्डी पॅस्को सापडला तेव्हा मदत मागायचं छोटं यंत्र त्याच्या मुठीत होतं आणि यंत्रावरचा हिरवा दिवा अजून जळत होता.

हिरवा दिवा म्हणजे 'निरोप पोचला, मदत निघाली, जागा सोडू नका.' गॉर्डीनं जागा सोडली नव्हती. उलटलेल्या होडीच्या तळाला तो छातीशी धरून पडला होता. हाकेच्या अंतरावर त्याच्याच शिंपल्यांच्या शेतीची काळी पिंपं तरंगत होती. तिथवर पोहला असता तर पिंपांना बांधलेल्या तराफ्यावर चढून पाण्याबाहेर बसता आलं असतं. जाकिटाच्या खिशात लाल धुराची नळकांडी होती, तीही कोरडी, न फोडलेली. पण मदत निघालीच आहे म्हटल्यावर माणूस कशाला धडपडेल?

मदत निघालीच नव्हती. कोफाय बे गावच्या बचाव पथकाची मी प्रमुख, आणि मला कुणी कळवलं नव्हतं. दुपारी पर्यटकांच्या एका लाँचला तो दिसला. तोवर थंडीनं त्याचं काम उरकलं होतं.

इशाऱ्यांची यंत्रणा आम्हाला नेल्सन शहरातल्या एका छोट्या कंपनीनं करून दिलेली होती. त्यांचं उत्तर लगेच आलं आणि ते सरळ होतं. गॉर्डीचा इशारा चौकीतल्या स्क्रीनवर पोचला होता. चौकीतल्या स्क्रीनवरूनच 'पोचलं' असं दाबलं गेलं होतं. त्यावर गॉर्डीचा दिवा हिरवा झाला.

त्या सकाळी चौकीत एकटी लोसा फालेआफा ड्यूटीवर होती.

सभागृहात गाव जमलं तेव्हा गॉर्डीचा भाऊ केर उभा राहिला. "लोसा, एवढंच सांग. दाबल्यावर फोन का नाही केलास?"

"मी दाबलं नाही, केर. लाल खूण मी पाहिलीच नाही. भोंगासुद्धा वाजला नाही."

"पाहिली नाहीस, ऐकलं नाहीस, मग उत्तर भुतानं दिलं? की गॉर्डीनं तुझ्या नवऱ्याला बार्जवरच्या नोकरीतून काढलं, ते अजून सलतंय?"

लोसा माझ्याकडे बघत होती. तिनं माझ्यासोबत कितीतरी वादळी दिवस त्या चौकीत काढले होते. मी म्हणायला हवं होतं की ही बाई असं करणार नाही. पण माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, कारण त्या क्षणी मलाच खात्री नव्हती.

२

माणूस आणि यंत्र एकमेकांवर दोष ढकलू लागले की अपमृत्यूंची चौकशी करणारे कॉरोनर विन्का मारिनोविचला तपासाला पाठवतात. उत्तरेकडच्या द्राक्षमळेवाल्यांच्या घरातली ही बाई. आखूड पांढरे केस, आवाज हळू, आणि समोरच्याचं बोलणं संपलं तरी थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहायची सवय. त्या सवयीनं भलेभले नको ते बोलून जात.

तिला घेऊन मी लोसाकडे निघाले. वाटेत तिनं विचारलं, "ब्रॉन, लोसानंच दाबलं असं तुम्हाला वाटतं?"

"स्क्रीनवरून दाबलं गेलं आणि स्क्रीनसमोर ती होती. मी काय समजू?"

"इशारा आला आणि उत्तर गेलं, या दोन्हींत किती वेळ गेला ठाऊक आहे? कुणी चिमटा काढला तर आपण 'ओय' म्हणतो ना, तेवढाही नाही. म्हणून भोंगा वाजलाच नाही, वाजायला सवडच मिळाली नाही. खूण बघायची, समजायची, हात उचलायचा, बोट टेकवायचं, हे इतक्यात कुणाच्यानं होत नाही."

"म्हणजे लोसा सुटली?"

"छे. एक तर यंत्रानं स्वतःच उत्तर दिलं, नाही तर बोट आधीपासून तिथं होतं. आधीपासून का होतं, ते मला माहीत नाही. मी अजून कुणालाच सोडलेलं नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हालासुद्धा."

लोसानं नारळाच्या दुधात भाजलेले पाव पुढे ठेवले, पण स्वतः बसली नाही.

"त्या वेळी तुमचा हात कुठं होता?" विन्कानं विचारलं.

"नकाशावर. सकाळी मुलांची शिडाच्या होड्यांची शर्यत होती, खाडीच्या तोंडाशी. वारा वाढायला लागला म्हणून त्यांच्यावर नजर ठेवत होते. बोटानं नकाशा इकडे ओढायचा, तिकडे ओढायचा, असं चाललं होतं."

"हे आणखी कुणाला सांगितलंत?"

"मला विचारलं कुणी? सगळे सांगायलाच येतात. नोकरीच्या ठिकाणी बायका माझ्या शेजारचा बाक सोडून बसतात."

"मग अजून कुणाला सांगू नका. ब्रॉन, तुम्हीही नाही."

आम्ही तिघी चौकीत गेलो. विन्कानं स्क्रीनवर सरावाची लाल खूण आणली. नकाशा ओढत ओढत बोट बरोबर त्या खुणेवर नेऊन उचललं. काही झालं नाही. तिनं पुन्हा करून पाहिलं, जोरात, हळू, तिरकं. खूण लालच्या लाल आणि भोंगा वाजतोय.

लोसाचा चेहरा उतरला. "म्हणजे मी खोटी."

मी भोंगा बंद केला, आणि खरं सांगायचं तर मी लोसाकडे बघायचं टाळलं.

३

दुसऱ्या दिवशी नेल्सनहून कंपनीचे तिघं आले. विन्कानं एकेकाला चौकीच्या स्वयंपाकघरात बोलावलं. कोपऱ्यात बसून ऐकायला मला परवानगी होती.

पहिला कॅलम रेडिक. चौकीची स्क्रीन त्यानंच लिहिलेली. हुशार, आणि हुशार असल्याचं कुणी विसरू नये याची काळजी घेणारा.

"नकाशा आम्ही बनवत नाही," तो म्हणाला. "तयार लायब्ररी घेतो, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड, जावास्क्रिप्टमधला. बोट टेकलं, बोट सरकलं, बोट उचललं, अशा प्रत्येक घटनेसाठी तिच्यात एकेक फंक्शन असतं. घटना घडली की ते फंक्शन धावतं आणि पुढं काय करायचं ते ठरवतं. बोट सरकून उचललं असेल तर ते दाबणं नव्हेच, नुसतं ओढणं. हे लायब्ररी ठरवते, मी नाही."

"आणि ते फंक्शन बदलायचं म्हटलं तर?"

तो हसला. "जावास्क्रिप्टमध्ये काय बदलता येत नाही? त्याच नावावर आपलं फंक्शन ठेवून द्यायचं. ओव्हरराइड म्हणतो आम्ही त्याला. मूळचं फंक्शन फाइलीत जिथल्या तिथं राहतं, पण घटना घडली की धावतं आपलं."

"लायब्ररीच्या फाइलला हात न लावता?"

"दुसरीकडे कुठंही दोन ओळी लिहिल्या तरी पुरे. पण माझ्यावर डोळा ठेवू नका हं. फाइल मूळ प्रतीशी ताडून बघा, अक्षर इकडचं तिकडे झालेलं नाही."

"फाइलला हात न लावता बदलता येतं म्हणालास. मग फाइल ताडून कळणार काय?"

कॅलमचे कान लाल झाले. "मग रावीरीला विचारा ना! गॉर्डी गेला त्याच दुपारी त्यानं सर्व्हरवरचं सगळं पुसून नव्यानं चढवलं. मला त्यानं एका शब्दानं विचारलं नाही."

रावीरी तामिहाना हा सर्व्हर सांभाळणारा. अंगानं धिप्पाड, बोलायला कंजूस.

"सगळं नव्यानं चढवलंस?"

"हो. काही बिनसलं की चढवतो. शिरस्ता आहे."

"माणूस मेल्यावर आधी पुरावा जपतात, रावीरी. तू तर अंगण झाडून घेतलंस."

"शिरस्ता आहे," तो पुन्हा म्हणाला. पण म्हणताना त्याचे डोळे दाराकडे गेले. दारात इन्ग्रिड उभी होती.

इन्ग्रिड हॅलोरन त्या दोघांची वरिष्ठ आणि आमच्या गावची लेक. तिचे वडील डेस हॅलोरन आयुष्यभर बंदर सांभाळलेले, आणि निवृत्तीनंतर आमच्या पथकाचा कणा. हे काम त्या कंपनीला मिळालं तेही इन्ग्रिडमुळेच. ती शांतपणे येऊन बसली. आपण होऊन सर्व्हरच्या किल्ल्या पुढे ठेवल्या.

"सगळं उघडं आहे, विन्का. मी स्वतः तपासलंय. इथं माणसाची चूक झाली, आणि हे म्हणताना मला आनंद होत नाही. लोसा मला लहानपणापासून ओळखते."

"यंत्राची चूक नाहीच?"

"नाही. ती नकाशा ओढत असली तरी त्यानं फरक पडत नाही. ओढताना दाबलं जात नाही, तुम्हीही बघितलं असेल."

विन्कानं मान डोलावली, आभार मानले आणि किल्ल्या तिला परत दिल्या. मी मात्र कोपऱ्यात खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसले होते. लोसा नकाशा ओढत होती हे विन्काला माहीत होतं, लोसाला माहीत होतं आणि मला माहीत होतं. मग इन्ग्रिडला कुणी सांगितलं?

४

"मी नाही सांगितलं!" बाहेर आल्या आल्या मी म्हणाले.

"मला माहीत आहे. सांगितलं असतंत तर तिच्याकडे असं बघितलं नसतंत." विन्का धक्क्याच्या कठड्याला टेकली. "पण नुसत्या जिभेच्या घसरण्यावर कॉरोनरांचं समाधान होत नाही. अंदाज केला, म्हणेल ती. आणि तिनं असं का करावं? गॉर्डीशी तिचं वैर होतं?"

"गॉर्डीनं तिला पोहायला शिकवलंय."

"मग अजून काहीतरी आहे, जे आपल्याला दिसत नाही. पथकातले बाकीचे दाखवा मला."

मी तिला डेसकडे घेऊन गेले. इन्ग्रिडचे वडील म्हणून नव्हे. गॉर्डी गेला त्याच आठवड्यात त्यांनी ड्यूटी सोडली होती, आणि गावात त्यावरही कुजबुज होती. डेस उठून उभे राहिले, पण हात पुढे केला नाही. डावा हात खुर्चीच्या पाठीवर, उजवा जाकिटाच्या खिशात. मी त्यांच्याच स्वयंपाकघरात चहा केला आणि समोर ठेवला.

"ड्यूटी का सोडलीत?" विन्कानं विचारलं.

"मन उडालं, बाई. गॉर्डी गेल्यापासून ती स्क्रीनसुद्धा माझं ऐकेना. पूर्वी बोट लावलं की ऐकायची. आता दहा वेळा डोकं आपटावं लागतं. मन उडालं की यंत्रंही ओळख दाखवत नाहीत." ते हसले. "लोसानं मुद्दाम केलं असं लोक म्हणतात. मी तिला शिकवलंय. ती पोर झोपेतसुद्धा भोंगा ऐकेल."

"मग तुमच्या मुलीची यंत्रणा खोटी?"

हसू मावळलं. "माझी मुलगी काम चोख करते. दोघीही खऱ्या आहेत. कसं ते मला विचारू नका."

आम्ही निघालो तेव्हा चहाचा कप भरलेला तसाच होता. दुसऱ्यांदा ओतून दिला होता, तोही. मला वाटलं, म्हाताऱ्याचं मन खरंच उडालंय.

रस्त्यावर येताच विन्का एकदम थांबली. "ब्रॉन, वेबपान उघडं ठेवलं आणि सर्व्हरवर मागाहून बदल केला, तर उघड्या पानाला तो कळत नाही. पान नव्यानं उघडेपर्यंत ते जुनंच राहतं. तुमच्या पथकात अशी एखादी स्क्रीन आहे का, जी गॉर्डीच्या आधीपासून कुणी बंद केलेली नाही? नव्यानं उघडलेली नाही?"

"चौकीतली रोज बंद होते. मोठ्या लाँचवरची तर..." मी बोलता बोलता अडखळले. माझा होड्या दुरुस्त करायचा कारखाना आहे. पथकाची धाकटी लाँच महिनाभर माझ्याच शेडमध्ये होती, इंजिन उघडून ठेवलेलं. तिच्या केबिनमधला टॅब चार्जरला लावून मी विसरून गेले होते.

"आहे," मी म्हणाले.

"मग पळा. आणि त्याला हात लावू नका."

५

शेडचं कुलूप उघडंच होतं. आमच्या गावात कुलूप कुणी लावतच नाही, पण त्या दिवशी ते उघडं बघून मी धावतच केबिनमध्ये शिरले.

टॅब जागेवर होता. स्क्रीन मंद झालेली, पण जिवंत. विन्कानं टॅबला सरावावर टाकलं, लाल खूण आणली आणि नकाशा बोटानं ओढू लागली. बोट सरकत सरकत खुणेवर आलं. तिनं ते उचललं.

वाजणारा भोंगा एकदम बंद पडला. खूण विझून करडी झाली. खाली अक्षरं उमटली, 'पोचलं'.

"पुन्हा करा," मी म्हणाले.

पुन्हा तेच झालं. मी स्वतः करून पाहिलं तेव्हाही तेच. लोसा नकाशा ओढत होती, ऐन त्या क्षणी गॉर्डीची खूण तिच्या बोटाखाली उगवली आणि तिनं बोट उचललं. बोटाखाली झाकलेली खूण तिला दिसणार कशी? ती शर्यतीतल्या मुलांकडे बघत राहिली आणि तिकडे गॉर्डीचा दिवा हिरवा झाला.

विन्कानं आपला लॅपटॉप टॅबला जोडला आणि पानालाच विचारलं, बोट उचललं की तू कोणतं फंक्शन चालवतंस? उत्तरात मोजक्या ओळी आल्या. मग तिनं लायब्ररीतलं मूळचं फंक्शन शेजारी ठेवलं. ते लांबलचक होतं.

"मूळचं आधी विचारतं, बोट सरकलं का? सरकलं असेल तर दाबणं मानत नाही," ती म्हणाली. "हे परकं फंक्शन विचारतच नाही. बोट उचललं, खाली खूण आहे, मग दाबलंच म्हणून समजा. लायब्ररीच्या नावावर दुसऱ्याच कुणाला बसवलंय."

"गॉर्डीला मारायला?"

"कुणाच्या बोटाखाली कधी खूण उगवेल हे कुणाला ठरवता येतं का? नाही. मारायला नाही." ती त्या ओळींकडे बघत राहिली. "हे कुणाची तरी कीव येऊन लिहिलंय. ज्याचं बोट टेकलं की सरकतंच, अशा माणसाची. लायब्ररी त्याचं दाबणं दाबणं मानत नव्हती."

"असं आमच्यात कुणी नाही."

विन्कानं लॅपटॉप मिटला. "उद्या दुपारी सगळ्यांना इथं बोलवा. केर पॅस्कोलाही. आणि आज या शेडला कुलूप लावा, ब्रॉन."

६

लाँचच्या शेजारी माझ्या कामाच्या टेबलावर विन्कानं दोन टॅब ठेवले. एक चौकीतून आणलेला, आज पान नव्यानं उघडलेला. दुसरा धाकट्या लाँचवरचा. कुठला कोणता ते तिनं सांगितलं नाही. केर दाराशी हाताची घडी घालून उभा होता. लोसा त्याच्यापासून लांब, भिंतीला टेकून. कॅलम, रावीरी, इन्ग्रिड एका बाजूला, आणि डेस खोक्यावर बसलेले.

"साधं काम आहे," विन्का म्हणाली. "पहिल्या टॅबवरची लाल खूण दाबायची. एकेकानं या."

कॅलमनं दाबली, झाली. रावीरीनं दाबली, झाली. केरनं कुरकुरत दाबली, तीही झाली. दर वेळी भोंगा क्षणभर किंचाळायचा आणि गप्प व्हायचा.

"डेस, आता तुम्ही."

"बाबा, नको," इन्ग्रिड म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"का नको?" विन्कानं हळूच विचारलं. "खूणच तर दाबायचीय."

"त्यांना बरं नाही. त्यांना यात कशाला..."

"मी ठीक आहे, इन्ग्रिड." डेस उठले. टेबलाशी आले आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा त्यांनी आमच्यासमोर उजवा हात खिशातून बाहेर काढला.

हात थरथरत होता. वाऱ्यात शिडाची सैल दोरी थरथरते तसा, थांबेचना. त्यांनी बोट खुणेवर टेकवलं, नकाशा हिसके खात सरकला. भोंगा वाजतच राहिला. पुन्हा टेकवलं, पुन्हा तेच. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. भोंगा थांबेना. लोसानं तोंडावर हात दाबला. चहाचे ते दोन भरलेले कप माझ्या डोळ्यांपुढे आले आणि मला माझीच लाज वाटली.

"आता दुसरा," विन्का म्हणाली.

डेसनी दुसऱ्या टॅबवर तेच थरथरतं बोट टेकवलं, उचललं. 'पोचलं'. पहिल्याच फटक्यात.

"हा बघा!" म्हातारा खुलला. "हा ऐकतो माझं. पूर्वी चौकीतली स्क्रीन अशीच..." आणि तिथंच त्यांचं बोलणं तुटलं. बंदरावर आयुष्य काढलेला माणूस तो, वारा फिरला की त्याला सांगावं लागत नाही. ते सावकाश मुलीकडे वळले. "इन्ग्रिड, तू काय केलंस?"

तिनं नाकारलं नाही. खोक्यावर बसली आणि जमिनीशीच बोलत राहिली.

"डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी तुम्ही म्हणालात, पथक सुटलं तर मी संपलो. स्क्रीन तुमचं दाबणं घेत नव्हती, तुम्ही चिडून पुन्हा पुन्हा बोट आपटत होतात. कुणी बघितलं असतं तर तुम्हाला खुर्चीवरून उठवलं असतं. मी थेट सर्व्हरवर, भोंग्याच्या फाइलीत ओव्हरराइड टाकला. नकाशाच्या फाइलीत कॅलमला दिसला असता. आमच्या मूळ प्रतीत तर ठेवलाच नाही. कुणी नकाशा ओढत असेल हे मला सुचलंच नाही, बाबा. शप्पथ."

"मला सांगितलं असतंस, तर दोन दिवसांत नीट करून दिलं असतं," कॅलम म्हणाला. या वेळी आवाजात हुशारी नव्हती. "थरथरत्या हातासाठी मोठं बटण, मग एकदा विचारून खात्री. हे लपवण्यासारखं होतंच कुठं?"

"लपवायचा होता तो आजार," विन्का म्हणाली. "ओव्हरराइड त्याच्याबरोबर लपला. पण इन्ग्रिड, गॉर्डी गेला त्या दुपारी तुला समजलं. उत्तर इतक्या झटपट गेलेलं बघून तुला कळलं की लोसा नकाशा ओढत असणार. म्हणून तर माझ्यासमोर न विचारता बोलून गेलीस."

"आणि मला म्हणालीस, सगळं नव्यानं चढव, शिरस्ता आहे," रावीरी म्हणाला. "मी तुझ्यावर विश्वास ठेवला. या बाईंनी विचारलं तेव्हाही तुझं नाव घेतलं नाही."

केर दारातून दोन पावलं पुढे आला. मला वाटलं, आता हा हात उचलणार. पण तो इन्ग्रिडकडे गेलाच नाही. लोसासमोर जाऊन उभा राहिला.

लोसानं त्याला बाजूला सारलं आणि इन्ग्रिडपाशी गेली.

"तुझ्या बापाचा हात तू झाकलास, ते मी समजू शकते. माझा बाप असता तर मीही झाकला असता. पण सभागृहात हे लोक मला खुनी म्हणत होते, तेव्हा तू तिसऱ्या रांगेत बसली होतीस. मी बघितलं तुला. तेव्हा तू कुणाला झाकत होतीस?"

उत्तर डेसनी दिलं, थरथरता हात तसाच बाहेर ठेवून. "स्वतःला, लोसा. आणि त्याची सुरुवात माझ्यापासून झाली. माझा हात खिशात होता, तो मी बाहेर काढला नाही."

७

कॉरोनरच्या सुनावणीत इन्ग्रिडनं सगळं सांगितलं. ओव्हरराइडबद्दल त्यांनी तिला कठोर शब्द ऐकवले. पुरावा पुसल्याबद्दल पोलिसांनी खटला भरला, तो अजून चालू आहे. कंपनीनं तिला काढलं. डेसनाही साक्ष द्यायची होती, कुणी बोलावलं नव्हतं तरी. कठड्यावर दोन्ही हात ठेवून ते उभे राहिले आणि सगळ्या खोलीला ते हात दिसू दिले. म्हणाले, पहाऱ्याच्या खुर्चीत बसणाऱ्यानं आपल्या शरीराबद्दल खोटं बोलू नये. मी बोललो, आणि त्यापायी गॉर्डी मदतीची वाट बघत राहिला.

मी लोसाच्या घरी गेले. सभागृहात गप्प बसल्याबद्दल बोलायचं म्हणून शब्द जुळवून नेले होते. तिनं ते ऐकून घेतले आणि म्हणाली, "ब्रॉन, तुला शंका आली याचा राग नाही. शंका आल्यावर तू मला विचारलं नाहीस, त्याचा आहे." ती चौकीत परत यायला तयार नव्हती. मी आग्रह केला नाही.

हिवाळा उतरणीला लागला तेव्हा एका सकाळी मी एकटीच ड्यूटीवर होते. पाऊल वाजलं. लोसा आत आली, कोट खुंटीला अडकवला आणि म्हणाली, "ऊठ. इंजिनं तुझी वाट बघतायत. मी बसते."

मी उठले, पण लगेच गेले नाही. किटली चढवायच्या निमित्तानं रेंगाळले. बाहेर नैर्ऋत्येचा वारा सुटला होता. एवढ्यात बिनतारीवर खरखर झाली. केर पॅस्को होता. भावाची शेती आता तोच बघतो, आणि गॉर्डी गेला त्या दिवसापासून निघताना चौकीला कळवायचं त्यानं सोडून दिलं होतं.

"कोफाय चौकी, मी केर. पिंपांकडे निघालोय, एकटाच आहे." मग, "कोण आहे तिकडे?"

लोसानं माझ्याकडे बघितलं नाही. माइक तोंडाशी धरला.

"मी लोसा."

खरखर चालूच राहिली. मी किटलीवर हात ठेवून उभी होते. ती तापलीय हे हात पोळल्यावर कळलं.

"बरं," केर म्हणाला. "मग मी निघतो. लक्ष ठेव, लोसा."

"आहे," ती म्हणाली, आणि खुर्ची खिडकीच्या आणखी जवळ ओढली.